दोन दातांच्या मधली जागा

प्रस्तावना

“रक्त यायला लागलं, म्हणून तिथं ब्रश लावायचंच सोडलं.” माळशिरस, अकलूज, नातेपुते, वेळापूर या गावांतल्या दातांच्या दवाखान्यांत हे वाक्य सतत कानावर पडते. सांगणारा कधी उसाचा शेतकरी असतो, कधी कारखान्यावरचा कामगार, कधी शाळेतल्या बाई. रक्त आले म्हणजे तिथे जखम आहे आणि जखमेला हात लावू नये, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा आहे. हिरडीच्या बाबतीत मात्र तो उलटा पडतो. हिरडीच्या कडेला दिवसेंदिवस तसाच राहिलेला जिवाणूंचा थर तिला आतून सुजवून ठेवतो. ब्रशचा स्पर्श हे नुसते निमित्त. ब्रश थांबला की थर वाढतो, थराबरोबर सूज वाढते आणि काही वर्षांनी तोच माणूस हलणारी दाढ घेऊन दारात उभा राहतो. “वय झालं, आता दात जायचेच,” अशी घरचे समजूत घालतात. दात वयामुळे पडत नाहीत. ते हिरडीच्या आणि तिच्याखालच्या हाडाच्या आजारामुळे पडतात, किडीमुळे पडतात, आणि हे दोन्ही आजार बहुतांशी टाळता येतात.

हे पुस्तक दोन दातांच्या मधल्या जागेबद्दल आहे. ती जागा कशाने स्वच्छ करायची, त्यासाठी मिळणाऱ्या दोऱ्यांतून आणि बारीक ब्रशांतून आपल्या तोंडाला साजेसे काय निवडायचे, आणि हात कसा चालवायचा, एवढाच त्याचा विषय आहे. विषय छोटा दिसतो. पण सकाळी पेस्ट लावून दात घासणाऱ्या घरांतही ही जागा तशीच राहते, आणि हिरडीचे दुखणे बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

आरशात ओठ बाजूला करून पाहिले, तर दोन दातांच्या मध्ये हिरडीचा एक छोटा त्रिकोण दिसतो. निरोगी असेल तर तो टोकदार आणि घट्ट असतो. रंग गुलाबीच हवा असे नाही. आपल्याकडे अनेकांच्या हिरडीत सावळी छटा असते आणि तीही निरोगीच असते. दाढांपाशी या त्रिकोणाला गालाकडून एक आणि जिभेकडून एक अशी दोन टोके असतात. त्यांच्या मध्ये, दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात त्याच्या बरोबर खाली, एक खोलगट भाग असतो. तिथली त्वचा पातळ असते आणि ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. खळखळून चूळ भरली तरी चिकटलेला थर हलत नाही.

हा थर म्हणजे उरलेले अन्न नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. दात घासल्यावर थोड्याच वेळात लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो, त्यावर जिवाणू ठाण मांडतात आणि एकमेकांना धरून चिकट वसाहत उभी करतात. ती डोळ्यांना दिसत नाही, टोचत नाही, दुखत नाही. रोज मोडली तर तिचा उपद्रव होत नाही. राहू दिली तर लाळेतले कॅल्शियम तिच्यात उतरते आणि काही दिवसांत ती कडक होऊ लागते. त्यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही, दोऱ्यानेही निघत नाही, ते दवाखान्यातच काढावे लागते. दात आणि हिरडी यांच्यातली खाच निरोगी तोंडात साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. सूज हिरडीपुरती आहे तोवर ती पूर्ण बरी होते. पण आजार खाली उतरून दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, की खाच ४, ५, ६ मिलिमीटरपर्यंत खोल होत जाते आणि गेलेले हाड सहसा परत येत नाही. उपचारांनी आजार थांबवता येतो, झालेले नुकसान पुसता येत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला दातांच्या फटीची आठवण होते ती काही अडकल्यावर. फडातला ऊस सोलून खाल्ला की त्याचा एखादा तंतू दाढेत बसतो. मटणाची रेष अडकते, सुपारीचा तुकडा अडकतो, शेंगाचटणीचा कण अडकतो. मग हाताला लागेल ते वापरले जाते: काडेपेटीतली काडी, केरसुणीची काडी, साडीला लावलेली सेफ्टीपिन. अडकलेले निघाले की काम झाले असे वाटते. इथेच दोन कामांची गल्लत होते. अडकलेला तंतू काढणे हे एक काम. ते अडकल्यावरच करायचे असते. न दिसणारा थर रोज पुसून काढणे हे दुसरे काम, आणि ते काही अडको न अडको, रोज करायचे असते. पिनेने पहिले काम कसेबसे होते, हिरडी मात्र फाटते. दुसरे काम पिनेने होतच नाही. आणि एकाच जागी वारंवार अन्न अडकत असेल, तर तिथे कीड लागली आहे, भरलेली दाढ तुटली आहे किंवा दात सरकले आहेत. ती जागा डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

दात स्वच्छ ठेवण्याची जाण आपल्याकडे जुनी आहे आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. चरकसंहितेत करंज, रुई, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सांगितल्या आहेत. काडीचे टोक चेचून, दिवसातून दोनदा, आणि हिरडीला इजा होऊ न देता त्या वापराव्यात असा आदेश आहे. सुश्रुताने काडीची लांबी बारा अंगुळे सांगितली आणि कडू झाडांत निंबाला व तुरट झाडांत खैराला श्रेष्ठ मानले. दोन वेळा घासा आणि हिरडी जपा, या दोन गोष्टी आजचा दंतवैद्यही त्याच क्रमाने सांगेल. पुढच्या काळात चांदीची दातकोरणी आणि कानकोरणी एकाच कडीत ओवलेली असत.

हा सगळा इतिहास एका सकाळी एकाच रस्त्यावर पाहायचा असेल, तर आषाढात ज्ञानोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते तेव्हा पाहावा. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम पडतात. तुकोबांची पालखी अकलूजवरून जाते. पहाटे टँकरपाशी, विहिरीवर, रस्त्याच्या कडेला हजारो माणसे तोंड धुत असतात. कोणाच्या हातात बाभळीची काडी, कोणाच्या तळहातावर राखुंडी, कोणाकडे मीठ, कोणाकडे काळे दंतमंजन, कोणाकडे लाल पावडर, तरुणांकडे ब्रश आणि पेस्ट. आणि बऱ्याच बायकांच्या बोटावर मिश्री.

या साधनांचा क्रम महाराष्ट्राच्या घरगुती इतिहासाशी जुळलेला आहे. राखुंडी आणि मीठ घरचे होते. मग कारखान्यातली मंजने आली. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत विको सुरू केली आणि वनस्पतींचे दंतमंजन घरोघर पोचवले. पेस्ट आणि ब्रश खेड्यात रुजले ते त्याच्याही नंतर. यातले प्रत्येक साधन दाताची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावायचा माथा घासते. दोन दातांच्या मधे यातले एकही नीट जात नाही. काडीचा निषेध करण्याचे मला काही कारण दिसत नाही. काडी वापरणाऱ्याने तिच्या जोडीला मधल्या जागेचे काही करावे, एवढेच सांगणे आहे. राखुंडी आणि खरखरीत मंजने मात्र दाताचे कवच झिजवतात, ती सोडलेली बरी.

मिश्रीबद्दल मात्र हात राखून लिहिता येणार नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि ती बोटाने हिरडीवर चोळायची, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत दात घासण्याच्या नावाखाली चालते. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली. पण घरच्या तव्यावरची मिश्री त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ती दात स्वच्छ करत नाही. जिथे धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते, पांढरे चट्टे येतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. हिरडी दुखायची थांबते म्हणून ती औषध वाटते आणि व्यसन होऊन बसते. या पुस्तकातली एकही गोष्ट करणे जमले नाही, तरी मिश्री सुटली तर तेवढ्यानेही मोठे काम होईल.

मधल्या जागेत काय असते हे प्रथम डोळ्यांनी पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या आंतोनी फान लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने. १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या तोंडाची माहिती दिली. तो रोज मिठाने दात चोळी, कोरणीने दाढा साफ करी, फडक्याने पुसे. इतके करूनही दातांच्या मधे एक पांढरट पदार्थ उरे. तो त्याने आपल्या भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. मीठ, काडी आणि फडके यांच्या मर्यादेचा हा लेखी पुरावा साडेतीनशे वर्षांच्या आसपास जुना आहे.

दोऱ्याचा उपाय सुचवला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या लेव्ही स्पीअर पार्मली या दंतवैद्याने. १८१५ च्या सुमारास तो आपल्या रुग्णांना मेण लावलेला रेशमी धागा दातांमधून फिरवायला सांगू लागला आणि १८१९ च्या आपल्या पुस्तकात त्याने ते मांडले. जिवाणू आणि रोग यांचा संबंध सिद्ध व्हायला तेव्हा अर्धे शतक बाकी होते. दात मधल्या जागेतून बिघडतात, हे त्याने निव्वळ निरीक्षणावर ओळखले. १८८२ मध्ये कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीने बिनमेणाचा रेशमी दोरा विकायला काढला आणि १८९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने त्याचे पेटंट घेतले. तोवर हा टाके घालण्याच्या रेशमाचा भाऊबंद होता. दुसऱ्या महायुद्धात रेशीम दुर्मीळ झाले आणि नायलॉन पुढे आले. त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये चार्ल्स बास या डॉक्टरांनी नायलॉनचा दोरा कसा असावा याचा बारकाईने अभ्यास केला. हिरडीच्या कडेला ब्रश ४५ अंशांत तिरका धरण्याची जी पद्धत आज सर्वत्र शिकवली जाते, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या क्षेत्राला पक्का पाया मिळाला तो १९६५ मध्ये. डेन्मार्कमधल्या हराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीची सूज जिवाणूंच्या थराने येते आणि तो काढला की जाते, हे यातून निर्विवाद ठरले. “रक्त येतं म्हणून सोडलं” या वाक्याचे उत्तर याच प्रयोगात आहे.

ल्यो यांचे दुसरे काम आम्हाला अधिक जवळचे वाटते, कारण ते कष्टकऱ्यांवरचे आहे. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांना त्यांच्या चमूने १९७० पासून १५ वर्षे तपासले. हे मजूर ब्रश वापरत नव्हते आणि दंतवैद्यही त्यांच्या वाट्याला आला नव्हता. सर्वांच्याच तोंडात थर आणि कीटण होते. तरीही सुमारे ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्क्यांचा झपाट्याने. “आमच्या आजोबांनी कधी ब्रश हातात धरला नाही, नव्वदीपर्यंत ऊस खाल्ला,” असे सांगणारे दर गावात भेटतात आणि ते खरेच सांगत असतात. ते आजोबा त्या ११ टक्क्यांतले. आपण कोणत्या गटात आहोत हे कोणालाही आधी कळत नाही.

आज या क्षेत्रात मधल्या जागेसाठी चार मते आहेत असे म्हणता येईल. एक दोऱ्याचे, मुख्यतः अमेरिकन परंपरेतले. दुसरे बाटली धुण्याच्या ब्रशासारख्या दिसणाऱ्या बारीक ब्रशाचे, ज्याचा पुरस्कार स्वीडनने आणि एकूणच युरोपने केला. तिसरे पाण्याच्या धारेचे: १९६२ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये जेराल्ड मोयर हा दंतवैद्य आणि जॉन मॅटिंगली हा अभियंता यांनी धारेचे यंत्र तयार केले. चौथे लाकडी किंवा रबरी काडीचे.

२०१६ मध्ये या मतांत मोठी खळबळ उडाली. अमेरिकी सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शनातून दोरा वापरण्याची शिफारस वगळली गेली, आणि असोसिएटेड प्रेसने त्याची बातमी करताना दोऱ्याच्या फायद्याचा पुरावा फार कच्चा असल्याचे दाखवले. दोरा निरुपयोगी ठरला, असा निष्कर्ष जगभरातल्या वाचकांनी काढला. पुरावा कच्चा होता हे खरे. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही निष्कर्ष सावधच निघाला: ब्रशाच्या जोडीला दोरा किंवा बारीक ब्रश वापरल्यास हिरडीची सूज कमी होऊ शकते, काही बाबतींत बारीक ब्रश दोऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो, पण चाचण्या अल्प मुदतीच्या आणि कमी खात्रीच्या.

या वादात माझ्या मते सर्वांत बोलकी माहिती २००६ च्या एका आढाव्यात आहे. तो आढावा किडीबद्दल आहे, हिरडीबद्दल नाही, तरी त्यातला धडा दोन्हीकडे लागू पडतो. शाळेच्या दर दिवशी प्रशिक्षित माणसाने मुलांच्या दातांतून दोरा फिरवला, तेव्हा सुमारे पावणेदोन वर्षांत मधल्या जागेतली कीड ४० टक्क्यांनी कमी झाली. दर तीन महिन्यांनी एकदा फिरवला तेव्हा फरक पडला नाही. आणि किशोरवयीन मुलांनी स्वतःच्या हाताने वापरला तेव्हाही फरक दिसला नाही. दोरा तोच होता. फरक हाताचा होता आणि रोजच्या नेमाचा होता. दोऱ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्यांनी हाताकडे पाहिले पाहिजे, ही या पुस्तकाची भूमिका आहे.

निवडीचे सूत्र त्यामुळे सोपे होते: फट पाहून साधन घ्यावे. दात एकमेकांना घट्ट टेकलेले आहेत आणि हिरडीचा त्रिकोण जागा भरून आहे, तर तिथे दोराच जातो. त्रिकोण खाली सरकून फट उघडी पडली आहे, तर तिथे बारीक ब्रश अधिक चांगले काम करतो, कारण मुळाच्या पृष्ठभागावर खळगे असतात आणि ताणलेला दोरा त्यांच्यावरून नुसता सरकून जातो. चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या तोंडात दोन्ही प्रकारच्या जागा असतात. पुढे दोरा, मागे ब्रश असे करावे लागते. बारीक ब्रश किंचित अडखळत आत जावा, पण त्याची तार दाताला घासू नये. रंगावरून माप ठरवू नये, कंपनीगणिक रंग बदलतात. पहिल्यांदा माप डॉक्टरांकडूनच घ्यावे.

दोऱ्यात मेणाचा, बिनमेणाचा, चपट्या फितीचा आणि टेफ्लॉनच्या जातीचा असे प्रकार मिळतात. मेणाचा दोरा घट्ट जागेतून सहज उतरतो, म्हणून सुरुवात करणाऱ्याने तोच घ्यावा. थर काढण्यात या प्रकारांत लक्षणीय फरक आढळलेला नाही. जो हाताला सोयीचा आणि रोज वापरला जाईल, तो उत्तम. टेफ्लॉनच्या दोऱ्यातल्या रसायनांबद्दल अलीकडे शंका घेतल्या गेल्या आहेत आणि वाद मिटलेला नाही. ज्यांना ते नको वाटते त्यांना नायलॉनचा पर्याय आहेच. पुदिन्याचा वास असणे-नसणे ही केवळ आवड. शिवणाचा दोरा चालेल का, असे सोलापूर जिल्ह्यात हमखास विचारले जाते. तो चालत नाही. पिळदार आणि बारीक असल्याने तो हिरडी कापतो, फटीत तुटतो आणि त्याचे धागे तिथेच राहतात. खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही: ५० मीटरच्या डबीतून रोज ४५ सेंटिमीटर काढले तरी ती साडेतीन महिन्यांहून जास्त पुरते.

आता हाताविषयी. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घ्यावा. बराचसा एका हाताच्या मधल्या बोटाला आणि थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला भाग राहावा. खालच्या दातांसाठी दोन्ही तर्जन्या वापराव्यात. दोरा दोन दातांमधून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत उतरवावा. तो खटकन खाली मारला की हिरडीला चीर पडते आणि बहुतेकांचा दोऱ्यावरचा विश्वास याच क्षणी उडतो. टेकलेली जागा ओलांडली की पुढे-मागे करणे थांबवावे. दोरा एका दाताला अर्धवर्तुळात मिठी मारेल असा वळवावा, हिरडीच्या खाचेत मऊ अडथळा लागेपर्यंत सरकवावा आणि त्या दाताच्या अंगाने पाच-सहा वेळा वर-खाली करावा. मग त्रिकोणावरून उचलून शेजारच्या दाताला तशीच मिठी मारावी. एका फटीला दात दोन, हे बहुतेक जण विसरतात आणि मधोमध दोरा ओढून पुढे जातात. प्रत्येक फटीला दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. शेवटच्या दाढेच्या मागची बाजूही पुसावी. तिथे शेजारी नसतो म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

दोरा एकाच जागी दरवेळी फाटत असेल, तर तिथे कीड किंवा खडबडीत भरण आहे. एकाच जागच्या दोऱ्याला घाण वास येत असेल, तर तिथली खाच खोल झालेली असू शकते. अशा रीतीने दोरा साफसफाईबरोबर तपासणीही करतो. पहिल्या आठवड्यात रक्त येणे अपेक्षित आहे. नियमाने चालू ठेवले तर ते ओसरते. दोन आठवड्यांनंतरही येतच राहिले, तर दवाखाना गाठावा. ब्रशाच्या आधी की नंतर, या प्रश्नावर इराणमधल्या मशहद येथे २५ विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१८ च्या अभ्यासात आधी दोरा फिरवणाऱ्यांचे दात अधिक स्वच्छ झाले आणि पेस्टमधले फ्लोराइडही मधल्या जागेत जास्त राहिले. अभ्यास लहान आहे, पण सल्ला पाळायला सोपा आहे. वेळ शक्यतो रात्रीची ठेवावी, कारण झोपेत लाळ कमी होते.

हे सगळे आज का सांगायचे? दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातल्या जवळपास ९० टक्के भारतीयांना हिरडीचा कमी-अधिक त्रास आढळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १०० कोटी लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. पण माळशिरस तालुक्यापुरते बोलायचे तर मला मधुमेहाची चिंता अधिक वाटते. कारखान्यांच्या या पट्ट्यात घराघरांत कोणाला तरी ‘शुगर’ आहे. ती ताब्यात नसेल तर हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडी सतत सुजलेली असेल तर साखर ताब्यात येणे कठीण जाते. हिरडीचे उपचार नीट केल्यावर तीन-चार महिन्यांत, साखर किती ताब्यात आहे हे सांगणारा एचबीए१सी सरासरी ०.४ अंकांच्या आसपास उतरतो, असे कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात दिसले. मधुमेहाच्या रुग्णाला पायाची काळजी घ्यायला सांगतात, डोळे तपासायला सांगतात. हिरडी दाखवून या, असे क्वचितच कोणी सांगते. हे बदलायला हवे.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. धुराने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त कमी येते आणि इशाराच मिळत नाही. गरोदरपणात याच्या उलट घडते: अंतःस्रावांच्या बदलामुळे थोड्या थरानेही हिरडी फुगते. बाळ दातांतले कॅल्शियम ओढून घेते म्हणून दात जातात, ही समजूत चुकीची आहे. त्या महिन्यांत स्वच्छता वाढवावी लागते आणि ती सुरक्षित असते. शिवाय कॅप, ब्रिज, तारा, इम्प्लांट या गोष्टी आता अकलूजसारख्या गावांतही सर्रास बसतात. ब्रिजच्या खालून साधा दोरा जात नाही. त्यासाठी एक टोक कडक आणि मधला भाग फुगीर असलेला दोरा वापरावा लागतो. महागडे काम करून घेतलेल्या माणसाला ते टिकवायची रीत कोणी दाखवत नाही, हे मी फार पाहिले आहे आणि त्याचा मला राग येतो.

आणखी एका समजुतीचा उल्लेख इथेच करतो. “दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात.” आजारी दाताला कित्येकदा कीटणाचाच आधार झालेला असतो आणि सुजलेली हिरडी फट झाकून असते. कीटण निघाले, सूज उतरली, की आधीच झालेली झीज उघडी पडते. उसाच्या बुडख्याला चिकटलेली माती धुतल्यावर किडलेले डोळे दिसावेत, तसे ते असते. माती धुतल्याने डोळे किडलेले नसतात. सोलापूरजवळ केगावला दंत महाविद्यालय आहे, हिरडीचे तज्ज्ञ आता जिल्ह्यात आहेत. या भीतीपोटी त्यांच्याकडे जाणे लांबवू नये.

या पुस्तकाने तीन वाचक नजरेसमोर ठेवले आहेत. ज्याने दोरा कधी पाहिला नाही तो. ज्याने आणला, चार दिवस वापरला आणि डबी फळीवर ठेवून दिली तो. आणि आशाताई, शाळेतले शिक्षक, औषध दुकानदार असे दुसऱ्यांना सांगू शकणारे. म्हणून चित्रे आरशात दिसतात तशी उलटी छापली आहेत आणि वयस्कर, थरथरत्या हाताच्या माणसांसाठी दांडीच्या दोऱ्याचा स्वतंत्र विचार केला आहे. लहान मुलांच्या दोन दाढा एकमेकींना टेकल्या की आई-वडिलांनी दोरा फिरवायचा, तो कसा, हेही आहे. कोणत्याही एका कंपनीचे नाव सुचवलेले नाही. शस्त्रक्रिया, हाड भरणे, लेझर हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. ते तज्ज्ञाने रुग्णाला समोर बसवून बोलायचे विषय आहेत.

ज्यांचा दात हलतो आहे, दातांमध्ये नव्या फटी पडत आहेत, हिरडीतून पू येतो आहे, किंवा गालाच्या आत न दुखणारा पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांहून जास्त टिकला आहे, त्यांनी पुढची पाने नंतर वाचावीत आणि आधी दंतवैद्याला दाखवून घ्यावे.